माणसाशिवाय जुळलेला ताळा

प्रिय दादा,

तुला पत्र लिहून इतका काळ लोटलाय की हाक काय मारायची इथेच अडखळले. लहानपणी मी तुला सरळ नावाने हाक मारायचे आणि आई दर वेळी डोळे वटारायची. आता कागदावर ‘दादा’ लिहिलं आणि जरा बरं वाटलं. आई ठीक आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला छताच्या कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसतात आणि ती एकेक करून मला दाखवत बसते. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अगदी ठणठणीत आहे. परवा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर त्यांनाच विचारलं, तुम्ही दिवसभर खुर्चीत बसता, तुमचं कसं काय चाललंय? डॉक्टर हसले, मी मात्र लाजेने अर्धी झाले. तुझी खोली मी कामासाठी घेतली आहे. टेबल खिडकीशी ओढलंय. कपाटाला हात लावलेला नाही, तुझे शर्ट आई कुणाला देऊ देत नाही.

माझं काम तुला कधीच धड कळलं नाही असं तू म्हणायचास. शेवटचा घरी आलास तेव्हा ओट्याला टेकून तू विचारलं होतंस, की जगातली ऊर्जा जर कधी नष्टच होत नाही, तर तू दिवसभर कॉम्प्युटरवर नेमकं काय वाचवत असतेस? मी तुला किटली दाखवली. म्हटलं, या किटलीतल्या उकळत्या पाण्यात जेवढी उष्णता आहे तेवढीच बादलीभर कोमट पाण्यातही असू शकते, पण चहा होतो तो किटलीतल्या पाण्याचा. किटलीतलं पाणी बादलीत ओतलंस तर उष्णता कुठेही जाणार नाही, फक्त तिच्यातून काही करून घेण्याची सोय निघून जाईल. ती जी सोय, उपयोगी पडण्याची ताकद, तिला आम्ही एक्झर्जी म्हणतो. ती प्रत्येक गोष्टीत थोडीथोडी मरत असते आणि परत येत नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणजे एवढंच. तू किटलीचं झाकण उचलून आत बघितलंस आणि म्हणालास, “म्हणजे माणूस कुठे जात नाही. नुसता उपयोगाचा राहत नाही.” मी म्हटलं, अरे, मी उष्णतेबद्दल बोलतेय. तू म्हणालास, हो हो, उष्णतेबद्दलच. मग तू कप विसळून ठेवलास. तू कप विसळलास याचंच मला तेव्हा जास्त नवल वाटलं होतं.

सध्या जे काम आलंय ते ऐकून तू मला वेड्यात काढशील. गावाबाहेरच्या रस्त्यावर जी गॅसवर चालणारी दाहिनी आहे, तिच्या शेजारी पोहण्याचा तलाव बांधलाय. झाडांची एक रांग आणि एक भिंत, एवढंच मधे. दाहिनीच्या धुराड्यातून चांगली कडक उष्णता वाया जाते आणि पलीकडे तलावाचं पाणी गरम करायला वेगळा बॉयलर जळतो. तेव्हा या उष्णतेचा त्या पाण्यासाठी काही उपयोग करता येईल का, याचा अभ्यास आमच्याकडे आला. कार्यालयात कुणी हात लावेना. साहेब म्हणाले, तू शांत डोक्याची आहेस, तू घे. शांत डोक्याची म्हणजे मिटल्या तोंडाची, हे आता मला कळतं.

भट्टीच्या मागे एक छोटी खोली आहे. तिथे तापमानाची, गॅसची आणि धुराची यंत्रं बसवलेली आहेत, त्यांची गेल्या काही वर्षांची सगळी मोजमापं मला मिळाली. त्या खोलीत बसलं की एका बाजूने भट्टीचा घुमणारा आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूने तलावावरच्या मुलांचे चीत्कार. दोन्ही सतत चालू. मॉडेलमध्ये भट्टीत काय जातं आणि काय बाहेर येतं ते मांडावं लागतं. इथे माणसाला लाकडी पेटीसकट आत ढकलतात, म्हणून आत जातो गॅस, हवा, पेटीचं लाकूड, आणि माणूस. माणसाला ‘इंधन दोन’ असं लिहायचं ठरलं. पहिल्या दिवशी मी डबा न उघडता परत आणला. आठवड्याभरात सवय झाली, आणि त्या सवयीचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

दादा, प्रत्येकाच्या आलेखाला आपला आकार असतो. आधी तापमान खचतं, कारण माणूस म्हणजे बहुतेक पाणीच, आणि ते उडून जायला उष्णता खातं. मग रेघ वर चढते. इतकी चढते की भट्टी आपोआप गॅस कमी करते. त्यानंतर काही वेळ असा असतो की गॅस जवळजवळ बंद आणि धूर मात्र पूर्ण तापलेला. तेवढा वेळ भट्टी माणसावर चालते. आजारात झिजून गेलेल्यांची रेघ बुटकी येते, अंगापिंडाने भरलेल्यांची रुंद. मला नावं कुणाचीच माहीत नव्हती, मोजमापांवर नुसत्या तारखा होत्या आणि त्याही मी बघत नव्हते. तरी महिन्याभरात मी रेघेवरून ओळखायला लागले, ही कुणी वाळलेली म्हातारी असणार, हा कुणी दांडगा गडी. तलावावर जाणाऱ्या माणसांकडे बघितलं की त्यांचे आलेख डोळ्यांपुढे यायचे. मग मी मान खाली घालून चालायला लागले.

साहेबांनी माझ्या पहिल्याच मांडणीत खोट काढली. त्यांचं म्हणणं, माणसातून किती उष्णता येते हे तू पुस्तकातून घेतेस, त्याचा भरवसा काय? ती उष्णता भट्टीच्या विटांत आधीपासून साठलेली असेल आणि तीच बाहेर येत असेल. प्रश्न रास्त होता. उष्णतेचा नुसता जमाखर्च बघितला तर तसं म्हणताही येतं. पण त्या वेळी विटा धुरापेक्षा गार असतात, आणि गार वस्तू आपण होऊन गरम वस्तूला आणखी तापवत नाही. हे दाखवायला मी एक उलटी परीक्षा केली. माणूस आत नव्हताच असं धरून सगळी दहनं पुन्हा मांडली. दुसरा नियम सांगतो की खऱ्या जगात जे काही घडतं त्यात थोडी तरी एक्झर्जी मरतेच. ती वाढून मिळाली असं उत्तर आलं, तर मांडणीत काहीतरी राहून गेलंय. आणि तसंच झालं. एकेका दहनाचं उत्तर अशक्य यायला लागलं. म्हणजे नियमच सांगत होता की तुम्ही कुणाला तरी धरलेलं नाही, आत कुणीतरी होतं. शाळेत हजेरी घेतात तसं वाटत होतं मला. होतं, होतं, होतं.

आणि मग एक दहन असं आलं की त्याचा ताळा माणसाशिवाय तंतोतंत जुळला.

मला आधी वाटलं, कुणी भट्टी नुसती तापवून बघितली असेल. पण तसं नव्हतं. पेटी आत गेली होती, लाकूड भडकल्याची छोटी टोकदार रेघ स्पष्ट होती. आत ढकलण्याआधीच्या काट्यावर वजनही भरलं होतं, चांगल्या उंच्यापुऱ्या माणसाचं. फक्त त्यानंतर तापमान खचलं नाही, पाणी उडालं नाही, रेघ चढली नाही. गॅस शेवटपर्यंत एकसारखा जळत राहिला. यंत्र बिघडलं म्हणावं, तर आदल्या आणि नंतरच्या दहनांत ते नीट चालत होतं. आणि भट्टी बंद केल्यावरची गोष्ट सगळ्यांत विचित्र. ती गारच होईना. आत असं काहीतरी होतं जे जळत नव्हतं, नुसतं तापत होतं, आणि दार बंद झाल्यावर तासन्‌तास हळूहळू ऊब सोडत होतं. मी भर दुपारी, उघड्या खिडकीशी बसून ती रेघ बघत होते. बाहेर कुणी मूल पाण्यात धप्पकन उडी मारत होतं.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, इतक्या दहनांतला एक बिंदू चुकार निघाला म्हणून काय झालं, काढून टाक. मी म्हटलं, काढते, पण कारण लिहावं लागेल. कारण लिहायचं म्हणून त्या दहनाची तारीख उघडली.

दादा, ती तारीख तुझी होती.

त्या दिवसाचं मी तुला काय सांगू आणि कसं सांगू. समुद्रातून गॅस काढायच्या तुमच्या फलाटावर आग लागल्याचं कंपनीने कळवलं, आणि मग तिथेच तुझ्याबरोबर कामाला असलेला लंब्या पेटी घेऊन आला. तुझ्या सगळ्या मित्रांत तोच मला आवडायचा, कारण तो दारातून वाकून यायचा आणि तरी कपाळ आपटून घ्यायचा. त्या दिवशी त्याने बरोबर वाकून दार ओलांडलं. पेटीला चहूबाजूंनी खिळे होते आणि उघडू नये असा कागद होता. वहिनी हट्टाला पेटली, एकदा बघू द्या म्हणाली. लंब्या तिच्यापुढे उभा राहिला आणि नुसता मान हलवत राहिला. आम्हाला वाटलं, त्याने जे बघितलं असेल ते तिने बघू नये म्हणून. दाहिनीपाशी आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने एकदाच तोंड उघडलं. “तो त्यात नाही,” म्हणाली. रडत नव्हती, आमटीत मीठ नाही म्हणावं तशी म्हणाली. सगळ्यांनी तिला समजावलं. मावशीने पाणी पाजलं. पुढे घरी आल्यावर राखेचं मडकं आईने माळ्यावर ठेवलं, जुन्या पंख्याच्या मागे, आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. मी माझ्या मनाशी म्हणत राहिले की दुःखाने माणूस असा होतो.

भट्टी तेव्हा जे काका सांभाळायचे ते आता घरी असतात. मुलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. मी गेले तेव्हा ते गॅलरीत नातवाचे मोजे वाळत घालत होते. मी कोण ते सांगितलं आणि कुठल्या दिवसाबद्दल विचारायचंय तेही. आलेख पिशवीतून काढायचीसुद्धा गरज पडली नाही. त्यांनी हातातला मोजा दोरीवर नीट सरळ केला, चिमटा लावला, आणि म्हणाले, “वाळू होती, बाई. दार उघडलं तर लाल झालेली वाळू. दुसरं काही नाही.” मी विचारलं, मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? त्यांनी दुसरा मोजा झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाले, “बाहेर तुझी आई बसली होती. तिच्या हातात वाळू कशी देऊ?” लाकडाची राख त्यांनी वेगळी झाडून मडक्यात भरली होती. वाळूचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांनी मला आग्रहाने चहा दिला. मला सारखं वाटत होतं, या म्हाताऱ्याला इतकी वर्षं मनात हे धरून ठेवावं लागलं, त्याला मी निदान धन्यवाद तरी म्हणायला हवं. म्हटलं नाही.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टींच्या मधे लटकले आहे. एक, तू त्या आगीत गेलास, समुद्राने तुला परत दिलं नाही, आणि कंपनीने प्रकरण मिटावं म्हणून वाळू भरून पाठवली. दुसरी गोष्ट मी मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हणत नाही. माझी मांडणी मला एवढंच सांगते की त्या पेटीत तू नव्हतास. तू कुठे होतास हे तिला माहीत नाही. आमच्या विषयात एक शब्द आहे, मृत अवस्था. एखादी वस्तू आजूबाजूच्या हवेइतकीच गरम, तिच्याइतक्याच दाबाची झाली, की ती मृत अवस्थेला पोचली असं म्हणतात. ती गार असते असं नाही, नाहीशीही झालेली नसते. भोवतालापेक्षा तिचं काही वेगळं उरत नाही, बस. इतकी वर्षं हा शब्द मी लोकांना शिकवला आणि तो किती भयंकर आहे हे मला आत्ता कळलं. आता मी बाजारात जाते तेव्हा पाठमोऱ्या माणसांकडे बघते. बसच्या रांगेत, दवाखान्यात, सिमेंटच्या ट्रकवरून उतरणाऱ्यांत. भोवतालात मिसळून गेलेला माणूस कसा ओळखायचा? एकदा एकाच्या मागे मी दोन चौक चालत गेले. तो वळला. तुझ्याहून कितीतरी म्हातारा होता. मग वाटलं, तूही आता तसाच दिसत असशील.

आईला मी काही सांगितलेलं नाही. पण परवा मी जेवताना गप्प होते तर ती म्हणाली, काय गं, तुला पण कळलं का? मी विचारलं, काय कळलं? ती ताट उचलून आत गेली.

वहिनीचंही सांगायचं राहिलं. ती महिन्यातून एकदा आईला भेटायला येतेच. या खेपेला तिच्याबरोबर एक गृहस्थ होते. भूगोल शिकवतात, बोलताना हवेत हाताने नद्या काढतात. ते गेल्यावर आई म्हणाली, माणूस बरा आहे. पुढच्या महिन्यात दोघं लग्न करताहेत, सही करून, साधंच. वहिनीने मला विचारलं, तुला चालेल ना? इतक्या काळानंतर तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मी हो म्हटलं. पिशवीत तुझा आलेख होता आणि मी हो म्हटलं. तिचा हात माझ्या हातात होता तोवर मी पिशवीवर पाय ठेवून बसले होते.

मग मी लंब्याला शोधून काढलं. बंदराच्या शहरात तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. केस पिकलेत, आणि वाकून वाकून तो आता खरंच वाकला आहे. त्याच्या कामाच्या टेबलावर मी आलेख पसरला, आधी-नंतरच्या दहनांचे चार आणि मधे तुझा. काहीच समजावलं नाही. त्याने चिंधीला हात पुसले आणि पाचही रेघांवरून बोट फिरवलं. तुझ्या रेघेवर बोट थांबलं. आईने हे बघितलंय का, एवढंच त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. तो बाहेर जाऊन धक्क्यावर उभा राहिला. मला वाटलं, आता येतच नाही.

आला, आणि म्हणाला, “तू त्याला पत्र लिही. पोचवायचं माझ्याकडे लागलं.” कुठे पोचवणार, असं मी विचारलं, तर पुन्हा तसाच मान हलवत राहिला, वहिनीपुढे हलवली होती तशीच. दादा, मला अजूनही कळलेलं नाही की तो खरंच पत्र पोचवणार आहे, की वेड लागलेल्या बहिणीची समजूत काढतोय आणि घेऊन गेला की समुद्रात सोडून देणार आहे. तरी मी लिहिलं. तो आत्ता खाली रस्त्यात उभा आहे, वर ये म्हटलं तर येत नाही, खिडकीकडे मान वर करून बघतही नाही. साहेबांना अहवाल या आठवड्यात हवा आहे. तो बिंदू मी त्यात ठेवला, तर कुणीतरी कारण विचारणारच, मी वाळू सांगणार, आणि मग तुला शोधायला माणसं निघतील. समुद्रात आणि जमिनीवरही. वहिनीची सही थांबेल. काढला, तर सगळं आहे तिथेच राहील आणि हे फक्त मला, काकांना आणि लंब्याला माहीत असेल. आणि आईला. हे पाकीट न फोडता परत आलं, तर तू नाहीस असं मी समजेन आणि तुझ्यासाठी मी अख्खा समुद्र उपसायला लावीन. पण तू वाचत असशील, तर का गेलास ते मला सांगू नकोस, कुठे आहेस तेही नको. मी परत ये म्हणत नाही. तू गेलास तेव्हा काहीतरी तुला सोसवेनासं झालं असणार, एवढं मला समजतं. मला फक्त एका गोष्टीचं उत्तर हवंय आणि ते तुझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. तो बिंदू ठेवू की काढू?

अजूनही तुझीच धाकटी,
ठकी